कोपऱ्यातल्या चार फरश्या

इमारतीचं अंगण तिथेच सोसायटीनं दिलेल्या खोलीत राहणाऱ्या फरशीवाल्यानं स्वतःच्या हातांनी झाकलं होतं. असं झाकलं, की मुंगीलासुद्धा माती सापडायची मारामार. फरशी बसवली की तो बोटांच्या पेरांनी ठोकून बघायचा, आणि आवाज पोकळ आला की उचलून पुन्हा बसवायचा. त्याची सहा वर्षांची चिमी मागोमाग ठकठक करत यायची आणि मुकादमासारखा निकाल द्यायची, "बाबा, पोकळ." कोपऱ्यातल्या फरश्यांचा आवाज सगळ्यांत भरीव. त्याचा त्याला कोण अभिमान होता.

मग चिमीची आई वारली आणि चिमीनं बोलणंच टाकलं. महिने गेले. ठकठक तेवढी राहिली: भिंतीवर, ताटावर, आईच्या पलंगावर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिला मातीत खेळू द्या. तिच्या हातानं काहीतरी पेरा. ते वर आलेलं तिला दिसलं पाहिजे."

त्यानं कुंडी आणली. चिमीनं ती ठोकून पाहिली आणि बाजूला सारली. मग त्यानं छिन्नी घेतली आणि अंगणाच्या कोपऱ्यातल्या चार फरश्या उचकटल्या.

सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले. "कुणाला विचारून?"

"पोरीसाठी, साहेब. पाया पडतो."

"महिनाअखेरपर्यंत. उगवलं तर बघू, नाहीतर फरश्या जशाच्या तशा बसवायच्या."

चिमीनं घेवड्याचं बी पेरलं. अनवाणी बसून तिनं फ्रॉकला चिखल फासला, डब्यानं पाणी घातलं, आणि त्या रात्री दोन घास जास्त जेवली. फरशीवाला मोरीत तोंड धुवायच्या मिषानं रडून आला.

पण उगवेल ते बी कसलं! पाणी वरच तुंबून राही. बोटानं उकरून पाहिलं तर दाणे कुजलेले. चिमी कडेला बसून बघत राही, आणि हळूहळू तिनं पाणी घालणं सोडलं, मग जेवणही. पोर डोळ्यांदेखत वाळत होती.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी त्यानं पहार घातली. ठण्ण. पुन्हा घातली. ठण्ण. हातानं उकरलं तर वीतभर मातीखाली घट्ट झालेलं सिमेंट आणि फुटक्या फरश्यांचे तुकडे. ते त्याचेच होते. अंगणाचं काम उरकताना राडारोडा वाहून न्यायचा कंटाळा आला, म्हणून त्यानं तो इथेच पुरला होता. खाली कोण बघतंय, असं तेव्हा हसत म्हणालाही होता. कोपऱ्यातला भरीव आवाज त्या राडारोड्याचाच होता. नखं फुटेपर्यंत त्यानं ते तुकडे ओढून पाहिले. मग खड्ड्यातच बसला आणि पोरीसमोर ढसाढसा रडला.

चिमी खड्ड्यात उतरली. तिनं तळाशी कान लावला आणि बोटांच्या पेरांनी ठोकू लागली. इथे टणक, तिथे टणक. भिंतीलगत मात्र आवाजच आला नाही. तिनं बाबाचं बोट धरून तिथे ठेवलं.

त्यानं खणलं. तिथे काळी, ओली माती निघाली आणि तिच्यात वळवळणारं एक गांडूळ. चिमीनं ते तळहातावर घेतलं, बघितलं, अलगद परत सोडलं. मग फ्रॉकच्या खिशातलं उरलेलं बी पेरून वर माती ओढली.

तेवढ्यात सेक्रेटरी आले. "संपला महिना. दिसतंय का काही? मग बसवा."

बोली तीच होती. घर जायची भीती होती, आणि भांडायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. त्यानं खड्डा भरायला घेतला, सिमेंट कालवलं, आणि पहिली फरशी उचलून भिंतीपाशी वाकला. चिमीनं ओल्या मातीवर दोन्ही पंजे पसरले.

"नको," ती म्हणाली.

आवाज घोगरा होता, गंजलेल्या कडीसारखा. बाबाच्या हातातली फरशी निसटून फुटली.

"अहो, नुकसान करताय," सेक्रेटरी ओरडले. "उगवलंय कुठे काही?"

फरशीवाल्याला त्यातलं अक्षरही ऐकू गेलं नाही. तो गुडघे टेकून पोरीच्या तोंडाकडे बघत होता.