मंगळवार ते गुरुवार, नोंद नाही

ओळ १ ते ३७

या ओळी उत्कर्षा मॅडमनी वाचल्या नाहीत. पेनाचं टोक वरून खाली आणत त्या अडतिसाव्या ओळीवर थांबल्या. कागद माझ्या बाजूने उलटा होता, पण आपण स्वतः टाइप केलेलं उलटंही वाचता येतं. मूळव्याध घरगुती उपाय. दिघी ते अंबाजोगाई ट्रॅव्हल्स. वायरमन परवाना अर्ज.

शनिवारची सकाळ, खोलीत आम्ही चौघं. मॅडम एचआरच्या. शेखर सर प्रेस शॉपचे, जिथे मशीनवर पत्रा दाबून पार्ट काढतात, प्रॉडक्शन त्यांच्याकडे. दादासाहेब कंपनीला लेबर पुरवतात. चाकणला ही कंपनी ज्या जमिनीवर उभी आहे ती एकेकाळी त्यांचीच होती, म्हणून ते खुर्चीत जरा पसरून बसतात. आणि मी, भीमराज, मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन.

गुरुवारी बारा नंबरच्या प्रेसमध्ये दिपालीची उजव्या हाताची तीन बोटं गेली. दिपाली दादासाहेबांच्या ठेक्यावरची ऑपरेटर. प्रेसचा सेन्सर बंद होता. तो मी बंद केला होता. ते मी पहिल्याच मिनिटाला सांगितलं होतं. प्रश्न एवढाच उरला होता की कोणाच्या सांगण्यावरून.

दादासाहेबांनी चष्मा लावला, दुसरं पान उचललं आणि बोट ठेवून मोठ्याने वाचलं. "मूल पडल्यावर परत दिवस राहायला किती महिने. आरं, हे काय रं?"

"ते आपल्या विषयाचं नाही," मॅडम म्हणाल्या. पण वाचून झालं होतं.

ते पिंकीने शोधलं होतं. माझी बायको. संध्याकाळी फोन तिच्याकडे असतो. आमचं मूल गेलं हे दिघीत आमच्या घरमालकिणीलाही माहीत नाही. पिंकीच्या आईलाही नाही. आणि ती अजून त्याचा विचार करते, हे त्या खोलीत बसेपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

कागद कुठून आला

जानेवारीत मेंटेनन्सच्या कॉम्प्युटरवर मी परवान्याचा अर्ज प्रिंट केला. अर्ज माझ्या ई-मेलमध्ये होता, म्हणून माझं नाव आणि पासवर्ड टाकला. ब्राउझरने काहीतरी विचारलं. इंग्रजीत लांबलचक होतं, खाली दोन बटणं. एक निळं होतं, ते दाबलं. पाठीमागे दोघं जण प्रिंटरसाठी उभे होते.

त्या दिवसापासून मी फोनवर जे जे शोधलं ते कंपनीच्या कॉम्प्युटरवरही जमा होत गेलं. पाच महिने. बसमध्ये शोधलेलं, घरी शोधलेलं, संडासात बसून शोधलेलं. त्या कॉम्प्युटरवर सगळे बसायचे. कोणी पाहिलं असेल, हसलंही असेल. मला कोणी बोललं नाही.

गुरुवारी दुपारी चार वाजता आयटीवाल्याने त्यातली शेवटच्या पंधरवड्याची यादी छापली.

ओळ ३८. मंगळवार, दुपारी १.४०. प्रेस लाइट सेन्सर बायपास कसा करायचा

"हा सर्च तुमचा?"

"हो."

"तुमच्या फोनवरून?"

"हो मॅडम, पण शेखर सरांनी..."

"फोन तुमचाच ना? एवढंच विचारते आहे."

"माझाच."

मॅडम बोलता बोलता लॅपटॉपवर टाइप करत होत्या. त्यांनी लिहिलं, कर्मचाऱ्याने मान्य केले.

लिहिलं नाही ते असं. प्रेसच्या पुढच्या बाजूला दोन खांब असतात, मधे न दिसणारा उजेडाचा पडदा. त्यात हात आला की प्रेस जागच्या जागी थांबते. बारा नंबरला खांबांवर तेलाचा थर बसायचा आणि हात नसतानाही प्रेस थांबायची, शिफ्टमध्ये तीस-चाळीस वेळा. नवा सेन्सर शनिवारी येणार होता. मंगळवारी जेवणानंतर शेखर सर प्रेसपाशी आले.

"भीमराज, उडव तो सेन्सर. शनिवारपर्यंत."

"सर, याची वायरिंग वेगळीय. मॅन्युअल तुमच्या कपाटात आहे."

"चावी प्लांट हेडकडे. फोन आहे ना खिशात? दिवसभर रील बघता. बघ त्याच्यावर, सगळं असतं."

दिपाली दोन हात अंतरावर उभी होती. ती म्हणाली, "सर, फोनवर समदं भेटतं तर एक ऑपरेटर पण मागवा की. मी जाते घरी."

"तू जा. टार्गेट ठेवून जा."

ती हसली, शेखर सर हसले, मीही हसलो. मग मी फोन काढला.

ओळ ४१. मंगळवार, दुपारी २.१२. सेन्सर बंद केल्यावर प्रेस अपघात

ओळ ४२. मंगळवार, दुपारी २.१६. आजचा स्कोअर

या दोन ओळी मॅडमनी सलग वाचल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही चार मिनिटं वाचलं."

मी मान हलवली.

"काय वाचलं?"

"अपघाताचं."

"आणि मग स्कोअर."

"हो."

शेखर सरांनी खिडकीकडे मान वळवली. दादासाहेबांनी जीभ टाळ्याला लावून च्च केलं, लग्नाच्या जेवणात मीठ कमी पडल्यावर करतात तसं.

मंगळवार दुपारी २.१६ ते गुरुवार सकाळी ११.२०

नोंद नाही.

म्हणजे मी काही शोधलं नाही. बाकी सगळं या वेळात झालं.

मंगळवारी तीनच्या आधी मी सेन्सर बायपास केला. प्रेस एकदाही न थांबता चालली. शेखर सरांनी जाताना पाठीवर थाप मारली, "एक नंबर, भावा."

बुधवारी सकाळी चहाच्या मशीनपाशी मी त्यांना म्हणालो, "सर, ते लवकर जोडू या. मी वाचलं, बोटं जातात यात."

"अरे राव, वाचत बसू नको. वाचायला गेलं तर रस्त्यावर गाडी पण चालवता येणार नाही. शनिवार लांब आहे का?"

हे त्या यादीत नाही. तोंडाने बोललेलं त्यात येत नाही.

बुधवारी दोनदा मी बारा नंबरवर गेलो. तेलाचा पाइप गळत होता. दिपाली हिंगोलीकडची, आमची बोली जवळची, म्हणून ती माझ्याशी जास्त बोलायची. तिने बहिणीच्या लग्नाचं सांगितलं. नवऱ्या मुलाला बुलेट हवी होती आणि त्याला सायकलही नीट येत नव्हती. मी पाइप घट्ट केला. सेन्सरचं बोललो नाही.

कामून बोललो नाही? सांगितलं असतं तर तिने हात आखडता घेतला असता. पीस कमी निघाले असते. शेखर सरांनी विचारलं असतं, हिला कोणी सांगितलं. एवढंच कारण आहे. मी दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

ओळ ४३. गुरुवार, सकाळी ११.२०. तुटलेलं बोट किती तासात जोडता येतं

सहा. बर्फात ठेवलं तर थोडं जास्त. बर्फ कँटीनमध्ये होता. पण बोटं डायमध्ये, प्रेसच्या साच्यात होती, आणि डाय उघडायला पाऊण तास गेला. उघडली तेव्हा जोडण्यासारखं काही नव्हतं.

यानंतर एक कोरा कागद

यादी छापल्याचं कानावर आलं आणि शुक्रवारी मी फोनवरची सगळी हिस्टरी पुसून टाकली. कॉम्प्युटरवरचीही त्याबरोबर गेली. आयटीवाल्याने पुन्हा छापलं, तर वर फक्त तारीख आली आणि खाली पांढरं. तो कागदही मॅडमनी फाइलला लावला होता.

"लपवायचं काही नव्हतं तर पुसलं का?"

मूळव्याध होती, फोन पिंकीही वापरायची. ते त्यांच्यासमोर पुन्हा काढायचं नव्हतं.

मग त्यांनी टाइप केलेला जबाब पुढे सरकवला. मी स्वतःच्या मर्जीने, कोणाच्याही सूचनेशिवाय प्रेस क्रमांक १२ चा सेन्सर बंद केला. सही केली तर राजीनामा घेऊन मोकळं करणार, नाही केली तर पोलिसांत तक्रार.

"सोमवारपर्यंत विचार करा," मॅडम म्हणाल्या.

"दिपालीला विचारा," मी म्हणालो. "ती तिथेच होती. सरांचं बोलणं तिने ऐकलं."

शेखर सर पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. "बोलवा की. माझी काही हरकत नाही."

"व्हय, बोलवू," दादासाहेब म्हणाले. "पोरगी आमचीच हाय."

रविवार. जनरल वॉर्ड

हे कुठेच नोंदलेलं नाही. मी फोन घरी ठेवून गेलो होतो.

दिपाली उशी पाठीला लावून बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत पांढरा.

"या भीमराजभाऊ. हात मिळवू नका फक्त."

मी स्टुलावर बसलो. संत्री आणली होती ती कुठे ठेवावी कळेना. सोलणार कोण, हे घेताना सुचलं नव्हतं.

"दादासाहेब येऊन गेले," ती म्हणाली. "पॅकिंगला घेतो म्हणले. बसून काम. लेबल चिटकवायचं. डावा हात पुरतो म्हणले."

"चांगलंय."

"हं."

"दिपाली, मंगळवारी शेखर सर काय बोलले, तू ऐकलं होतं ना?"

"ऐकलं की. बाजूलाच तर होते."

"उद्या एवढंच सांगशील?"

पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीला नर्स इंजेक्शन देत होती, ते देऊन होईपर्यंत दिपाली बघत राहिली.

"दादासाहेबांनी ते कागद दाखवले मला. तुम्ही वाचलं म्हणे. बोटं जातात म्हणून."

इथे मला खोटं बोलता आलं असतं. उघडलं पण वाचलं नाही. चुकून उघडलं. बायकोने उघडलं. यादीत नुसती वेळ असते, डोळे कुठे होते ते नसतं. ती मानली असती. तिला मानायचंच होतं, असं मला वाटलं.

"वाचलं," मी म्हणालो.

"काय होतं त्याच्यात?"

"एका बाईचा हात होता. फोटो."

"मंगळवारी बघितला?"

"मंगळवारी."

"मी तर बुधवारी पूर्ण शिफ्ट होते त्याच्यावर." ती हिशोब लावत असल्यासारखं बोलत होती, रागाने नाही. "तुम्ही दोनदा आलते. मी त्या बुलेटचं सांगत होते."

"हो."

"आन तुम्ही हसत होते."

मी उठलो. तिने संत्री घेऊन जा म्हटलं नाही आणि ठेवाही म्हटलं नाही. मी ती खाटेच्या कडेला ठेवली.

सोमवार, सकाळी १०.३०. पुढील कार्यवाही

दिपालीला कंपनीच्या गाडीतून आणलं. पाण्याचा ग्लास तिच्या उजव्या बाजूला ठेवला होता. मग मॅडमच्या लक्षात आलं, त्यांनी तो डावीकडे सरकवला.

"मंगळवारी शेखर सर आणि भीमराज यांच्यात काय बोलणं झालं, ते तुम्ही ऐकलं?"

"मशीनचा आवाज होता," दिपाली म्हणाली. "मला ऐकू नाही आलं."

खोटं बोलताना माणूस नजर चुकवतो म्हणतात. तिने चुकवली नाही. सगळा वेळ माझ्याकडे बघत होती. ते पॅकिंगच्या कामासाठी होतं की चार मिनिटांसाठी, मला कळलं नाही. मी विचारणारही नाही.

"आणखी काही सांगायचंय?"

"न्हाई."

तिला बाहेर नेलं. मॅडमनी जबाब आणि पेन पुढे केलं.

"मी सही करत नाही," मी म्हणालो. "सेन्सर मी बंद केला, ते लिहा. मला धोका माहीत होता, तेही लिहा. पण मर्जीने नाही. आणि बुधवारी मी सरांना सांगितलं होतं."

मला वाटलं होतं आता आवाज चढेल. दादासाहेब टेबलावर हात मारतील, शेखर सर शिवी देतील. तसं काही झालं नाही. मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"ठीक आहे. तशी सहीची गरज नाहीये." त्यांनी पानं एकसारखी केली. "कागद पुरेसे आहेत."

"तुझ्या भल्याचं बघत होतो, भावा," शेखर सर म्हणाले.

कोरं पानसुद्धा त्यांनी मोजून आत घातलं.

सोमवार, सकाळी ११.५०

गेटवर ओळखपत्र काढून घेतलं. दिघीला जाणारी कंपनीची बस संध्याकाळची, आणि ती आता माझी नव्हती. रस्त्यापलीकडच्या टपरीवर जाऊन उभा राहिलो. पोलिसांत तक्रार जायच्या आत वकील गाठायचा होता. फोन काढला. का-म एवढंच टाइप केलं, तर खाली फोननेच पुढचं लिहून दिलं, कामावरून काढल्यास काय करावे.

मी हे कधी शोधलं नव्हतं. निदान छापलेल्या त्या यादीत तरी नव्हतं. फोन बंद करून खिशात टाकला.

टपरीवाला कोंडीराम, तोंडओळखीचा. मी म्हटलं, "मामा, कामगारांच्या केस घेणारा वकील माहितीय का कोणी?"

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

बाकावरची दोन पोरं कटिंग पीत होती, त्यांनी माना वर केल्या. कोंडीरामने गॅस बारीक केला. "काय झालं?"

मी सांगायला लागलो. मंगळवारपासून. शेखर सर, कपाटाची चावी, दिपालीची थट्टा. सव्वादोनपर्यंत आलो आणि थांबलो. हे यांच्यासमोर कोणी छापून ठेवलेलं नव्हतं. गाळता आलं असतं. मग तेही सांगितलं, फोटो आणि स्कोअर दोन्ही. बुधवारची बुलेट सांगितली.

कोंडीरामने सिगरेटच्या पाकिटाचा पुठ्ठा फाडला, त्यावर एक नंबर लिहिला. हातात देताना धरून ठेवला.

"मोशीला बसतो. माणूस चांगलाय," तो म्हणाला. "पण वकील तिला पाहिजे रे. तुला नंतर."

मी पुठ्ठा घेतला. कंपनीची तीच गाडी गेटमधून बाहेर पडली, दिपाली मागच्या सीटवर होती. गाडी हायवेकडे वळेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो, आणि मग बस पकडून दिघीला नाही, तर दवाखान्याकडे निघालो. ती दार उघडेल की नाही असा प्रश्न नव्हता. वॉर्डला दार नसतं.