कपाटातली शांतता

चिडीचूपला सगळे चिडीचूप म्हणायचे, कारण स्टुडिओत रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी तो काचेमागून एवढा एकच शब्द उच्चारायचा आणि उजवा हात वर करायचा. तो हात खाली येईपर्यंत खोलीत कुणाची ब्र काढायची टाप नव्हती. एका ड्रमवाल्याने एकदा ऐन वेळी आलेली शिंक गिळली आणि दुसऱ्या दिवशी कान धरून डॉक्टरकडे गेला. काय झालं म्हणून विचारलं तर डॉक्टरला नुसता हात वर करून दाखवला.

चिडीचूपचं काम दोन प्रकारचं होतं. एक, गाणाऱ्यांचे श्वास काढून टाकणं. गाणं ऐकताना लोकांना सूर हवा असतो, फुप्फुसं नकोत. दुसरं काम शांतता साठवण्याचं. कुठेही काही रेकॉर्ड केलं की शेवटी तो त्याच खोलीची मिनिटभर शांतता भरून घ्यायचा. कारण गाण्यातली एखादी खोकल्याची उबळ कापली की तिथे भोक पडतं. ते कोरं ठेवलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, आपला कान गेला. म्हणून त्या भोकाला त्याच खोलीतल्या शांततेचं ठिगळ लावायचं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. लोक म्हणतात भिंतींना कान असतात. चिडीचूपच्या मते त्यांना नाकही असतं, आणि बहुतेक भिंतींना सर्दी असते.

तर अशा या माणसाला त्याची बाई सोडून गेली.

दहा-अकरा वर्षं एकत्र राहिली, गायली, आणि एका सकाळी दोन बॅगा आणि हिवाळ्याचे सगळे कोट घेऊन गेली. चिडीचूपचं दुःख ती गेल्याचं नव्हतं, निदान तो तसं म्हणायचा. त्याचं म्हणणं एवढंच, की ती न सांगता गेली. हे त्याने स्टुडिओच्या मालकाला सांगितलं, घराच्या खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरला सांगितलं, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्याला सांगितलं. एकदा चुकून लागलेल्या फोनवरच्या माणसालाही सांगितलं. तो माणूस म्हणाला, "फार वाईट झालं. सोफा कधी पाठवताय?"

"एक शब्द," चिडीचूप म्हणायचा. "एक शब्द बोलली असती तरी चाललं असतं."

ती गेल्यापासून घरात एकच बदल झाला होता. कपड्यांचं ओझं गेलं आणि कपाटाचं दार आपोआप उघडायला लागलं. तो लावायचा. स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकायचा, दोन कप काढायचा, एक परत ठेवायचा, आणि बाहेर येऊन बघतो तर दार उघडं. आत नुसते हँगर. ते किंचित हलत असायचे, जणू आत्ताच कुणीतरी कोट काढून नेलाय.

मग एक दिवस मालकाने त्याला बोलावलं. मालक जाडजूड, सदा घामेजलेला आणि मनाने लोण्यासारखा माणूस. त्यामुळे वाईट बातमी सांगताना तो समोरच्याऐवजी टेबलावरच्या पंख्याकडे बघायचा.

"तिचं गाणं आलंय," तो पंख्याला म्हणाला. "एका मोठ्या कंपनीला हवंय. आपण परवा इथे भरून बघितलं, तू सुट्टीवर होतास तेव्हा. धुतल्या तांदळासारखं स्वच्छ झालं, आणि तितकंच कच्चं. ती म्हणते, कपाटातलंच घ्या."

कपाटातलं म्हणजे चिडीचूपच्या घरच्या कपाटातलं. कोट आवाज पितात, म्हणून घरी काही भरायचं असलं की ती आपल्या कोटांच्या मधोमध उभी राहायची, हँगरला माईक टांगलेला, आणि चिडीचूप पलंगावर हेडफोन लावून बसायचा. जायच्या महिनाभर आधी तिने तिथेच ते गाणं म्हटलं होतं. चिडीचूपनेच भरलं होतं. त्याचं शेवटचं कडवं असं होतं:

*चावी कुंडीखाली ठेवली आहे,*
*दिवा मी विझवलाय, राव,*
*निघते म्हणायचं राहून गेलं,*
*दार मात्र तूच लाव.*

"अरे," मालक म्हणाला, आणि पहिल्यांदाच पंख्यावरून नजर काढली, "हे तू स्वतः भरलंस आणि वर म्हणतोस न सांगता गेली?"

"गाण्यात कुणी काही सांगत असतं का?" चिडीचूप म्हणाला. "शिवाय त्यात कुंडी आहे. आमच्याकडे कुंडी नव्हती."

मालक पुन्हा पंख्याकडे वळला. "शुक्रवारी ती ऐकायला येणार आहे. शेवटच्या कडव्याआधी कसलीतरी घरघर आहे, तेवढी काढ."

ती घरघर खालच्या डॉक्टरची. कुणाची तरी दाढ कोरत होता. चिडीचूपने घरघर कापली आणि तिथे भोक पडलं, नेमकं शेवटच्या कडव्याच्या तोंडाशी. आता ठिगळ हवं. तो घरी गेला, रिकाम्या कपाटात माईक टांगला, हात वर केला, हँगरांना "चिडीचूप!" म्हणाला आणि मिनिटभर शांतता भरली.

जुळेना. कोटांशिवाय कपाट पोकळ वाजत होतं. ठिगळ लावलं की वाटायचं, गाणारी बाई मधेच विहिरीत उतरून परत वर आली. त्याने आत स्वतःचे शर्ट टांगले. मग पडदे. मग ब्लँकेट. शेवटी खाली जाऊन डॉक्टरचे पांढरे कोट मागून आणले.

"कशाला हवेत?" डॉक्टरने विचारलं.

"शांतता जुळत नाहीये."

"माझ्याकडे तर कुणी शांत बसतच नाही," डॉक्टर म्हणाला, पण कोट दिले.

त्या कोटांची शांतता जवळपास जुळली. फक्त आता गाण्यात त्या जागी कुणीतरी आपला नंबर लागायची वाट बघत बसलंय असं वाटायला लागलं.

गुरुवार उजाडला, आणि गुरुवारी सासूबाई यायच्या. खरं तर सासूबाई म्हणायला लग्न व्हायला हवं होतं. पण तिची आई पहिल्या दिवसापासून त्याला 'जावईबापू' म्हणायची, आधी टोमणा म्हणून आणि मग सवयीने. लेक गेली तरी तिने येणं सोडलं नव्हतं, कारण तिच्या दाढेचं काम खालच्याच डॉक्टरकडे चालू होतं. सुई टोचून अर्धं तोंड बधिर झालं की ती वर येऊन बसायची, तोंड ताळ्यावर येईपर्यंत.

आज येऊन बघते तर जावई कपाटात, पांढऱ्या कोटांच्या गर्दीत, हात वर करून उभा.

"लग्न न करता जावई झालात," ती अर्ध्या तोंडाने म्हणाली. रागावली की ती अहो-जाहोवर यायची. "आता वेडे न होता वेड्यासारखं वागताय. काय चाललंय?"

त्याने सगळं सांगितलं. शेवटी, जुन्या सवयीने, तेही सांगितलं: "पण आई, न सांगता गेली हो ती."

सासूबाईंनी गाल चाचपला. बधिर बाजूने एक लाळेचा थेंब निसटत होता, तो पुसला.

"त्या दिवशीची शांतता भरली नव्हतीत का? तुम्ही तर लोकांच्या घरी जेवायला गेलात तरी उठताना त्यांची शांतता भरून आणता."

भरली होती. घरघर थांबल्यावर नेहमीप्रमाणे मिनिटभर भरली होती. पण ती लावून बघायचं त्याच्या मनात आलं नव्हतं, किंवा आलं होतं आणि त्याने हात वर केला होता. शांतता ही साठवायची गोष्ट. ती ऐकत कोण बसतं? आणि त्या मिनिटात ती होती. काही न बोलता, पण होती. कपाटात, कोटांमध्ये, दोन हातांवर.

"लावा," सासूबाई म्हणाल्या. "मला तसंही बोलता येत नाहीये."

त्याने लावली. आवाज पूर्ण वाढवला. खोलीत कोटांची शांतता पसरली, जाड, मऊ, थोडी धुळकट. एवढी ओळखीची, की चिडीचूपने नकळत कपाटाकडे बघितलं. दार उघडं होतं. आत फक्त डॉक्टरचे कोट.

आधी बारीक शिट्टी ऐकू आली. आत, बाहेर, आत, बाहेर.

"हे काय?"

"माझं नाक," चिडीचूप ओशाळून म्हणाला.

"इतकी वर्षं पोरगी याच्या शेजारी झोपली," सासूबाई छताला म्हणाल्या.

शिट्टी चालू राहिली. मग कोट सळसळले, कुणीतरी वळल्यासारखे. ओठ विलग झाल्याचा बारीकसा आवाज आला. आणि मग श्वास. लांब, खोल, पोटापासून घेतलेला. चिडीचूपने आयुष्यात हजारो श्वास कापले होते. गाण्याआधीचा श्वास तो झोपेत ओळखायचा. हा तो नव्हता. हा म्हणजे, माणूस बोलण्याआधी घेतो तो. बरेच दिवस न बोललेलं बोलण्याआधी घेतो तो.

आणि त्यावर, अगदी जवळून, त्याचाच आवाज: "शूऽऽ."

श्वास तिथेच थांबला. सोडल्याचा आवाज काही आला नाही. चिडीचूप कानात प्राण आणून ऐकत होता, नुसती शिट्टी. आत, बाहेर. शेवटी पलंग कुरकुरला आणि तोच, महिन्यांपूर्वीचा तो, खुशीत म्हणाला: "झालं! मस्त. फक्त तुझा 'स' जरा टोचतोय."

मग ती, कोटांमधून: "बरं."

सासूबाईंनी पुन्हा गाल पुसला.

"तरी मी म्हणत होते," त्या म्हणाल्या, आणि आता अहो-जाहो नव्हतं. "तिने मला फोन केला होता तेव्हा. म्हणाली, आई, सगळं गाऊन सांगितलं त्याला, तो म्हणाला मस्त. मी म्हटलं पालथ्या घड्यावर पाणी, बाई, तोंडाने सांग. म्हणाली, तेही करून बघितलं." त्या उठल्या. "तुझ्या कानाखाली आवाज काढला असता रे. पण तू तोही भरून घेशील."

त्या गेल्यावर चिडीचूप कामाला बसला. आधी त्याने स्वतःचं 'शूऽऽ' कापलं. मग नाकाची शिट्टी, एकेक करून, न कंटाळता. कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. थोड्याच वेळात त्या मिनिटात तो कुठेही उरला नाही. ती एकटीच उरली. मग शेवटच्या कडव्याआधीच्या भोकात त्याने ती शांतता बसवली. कोटांची, धुळकट. बेमालूम बसली. श्वास तेवढा त्याने काढला नाही.

शुक्रवारी दुपारी ती आली. केस कापले होते. कोट मात्र जुन्यांपैकीच होता, आणि चिडीचूपला पहिल्यांदा कोटच दिसला. मालकाने दोघांना खुर्च्या दिल्या, पंख्याकडे बघून "मी जरा येतो" म्हणाला आणि आलाच नाही.

गाणं सुरू झालं. ती डोळे मिटून ऐकत होती. भोकाची जागा आली. श्वास आला. तिचे डोळे उघडले.

शेवटचं कडवं संपलं.

"एक श्वास काढायचा राहिलाय," ती म्हणाली.

"राहिला नाही. ठेवलाय."

"तो गाण्यातला नाहीये."

"माहितेय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. खोलीत यंत्रांच्या दिव्यांखेरीज काही हलत नव्हतं. चिडीचूपने आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते, खुर्चीवर बसून, शाळेतल्या मुलासारखं.

"काय बोलणार होतीस?" त्याने विचारलं.

तिने खरंच आठवून बघितलं. त्याला ते दिसलं; ती आठवताना खालचा ओठ चावायची. तो थांबला. लागेल तेवढा थांबायला तयार होता. त्याच्या नाकाची शिट्टी चालू होती, आणि बहुधा तिलाही ऐकू येत होती, कारण ती किंचित हसली.

"आता नाही आठवत रे," ती म्हणाली.

ती उठली, कोटाची बटणं लावली. दारापाशी थांबली.

"सांगितलं होतं मी," ती म्हणाली.

"हो," चिडीचूप म्हणाला. "सांगितलं होतंस."

"आणि 'स' अजून टोचतोय."

"तोही ठेवलाय."

गाणं चाललं. म्हणजे इतकं चाललं, की चिडीचूपला जायला जागा राहिली नाही. किराणा दुकानात ते, टॅक्सीत ते, बँकेचा फोन लावला की "कृपया थांबा" नंतर ते. रेडिओवरच्या निवेदकाने थट्टा केली, की बाई शेवटच्या कडव्याआधी बहुतेक शब्द विसरल्या. लोकांना ती जागाच सगळ्यात आवडली. पण ती जागा आली की चिडीचूप जिथे असेल तिथे थबकायचा. एकदा रस्ता ओलांडताना मधोमध थबकला आणि टॅक्सीवाल्याची शिवी खाल्ली. श्वास घेतला जायचा, तो थांबायचा, आता बोलेल, आता बोलेल. आणि दर वेळी पुढे तेच शेवटचं कडवं यायचं.

'न सांगता गेली' असं मात्र तो आता कुणाला सांगत नव्हता. सोफ्याचा फोन पुन्हा आला, तेव्हा त्याने फक्त "नंबर चुकला" म्हटलं.

गुरुवारी सासूबाई बधिर गाल घेऊन वर आल्या. येताना एक मातीची कुंडी घेऊन आल्या होत्या, रिकामी, आणि कारण न सांगता ती दाराबाहेर ठेवून दिली. चिडीचूपने दोन कप चहा केला. खाली डॉक्टरने रेडिओ लावला होता. फरशीतून गाणं वर आलं, कापसाच्या बोळ्यातून आल्यासारखं. दुसरं कडवं संपलं.

श्वास आला.

चिडीचूप हातात कप धरून थांबला. सासूबाईही थांबल्या, मान फरशीकडे वाकवून.

"बोल की गं बाई," त्या अर्ध्या तोंडाने फरशीला म्हणाल्या. "बोल. तो ऐकतोय."

मग शेवटचं कडवं आलं, आणि ती 'दार मात्र तूच लाव' म्हणाली. चिडीचूप उठला, आतल्या खोलीत गेला आणि कपाटाचं दार लावून आला.

थोड्या वेळाने ते उघडलं.