पहिली रिंग

नवा राउटर कुठला घ्यायचा ते डेल्सीनं ठरवावं, असं सर्वेशसाहेबांनी भर मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा सगळे हसले.

"हसताय काय?" साहेब म्हणाले. "हिच्याइतकं घाबरट माणूस आख्ख्या कुडाळात मिळायचं नाही. जे जे म्हणून बिघडू शकतं, ते हिच्या डोक्यात आधीच बिघडून झालेलं असतं. आपल्याला अशीच भागूबाई हवी आहे."

डेल्सीही हसली. खोटं नव्हतं ते. काजूच्या कारखान्यातली कॉम्प्युटरं, इंटरनेट आणि फोन हे तिचं खातं. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन लागली तेव्हापासून ती हेच बघत होती. पण घाबरणं ती शिकली मुलगा झाल्यावर, रॉयस्टन. ताप चढला की त्याला आकडी यायची. पहिल्यांदा आली तेव्हा डोळे वर गेलेलं, काळंनिळं पडलेलं ते तोंड तिनं मांडीवर पाहिलं होतं. तेव्हापासून कुठलीही गोष्ट नीट चाललेली दिसली की तिला आधी भीतीच वाटायची.

तर तिनं ते काम मन लावून केलं. कारखान्याचा जुना टेलिफोन बोर्ड गंजून गेला होता, राउटर पावसाळ्यात दर दोन दिवसांनी मान टाकायचा. कंपन्यांचे लोक येऊन गेले. कुणी म्हणे, एकच बंद डबा घ्या, सगळं आत आहे, स्वस्तात काम होईल. डेल्सीला बंद डब्याचा भरवसा नव्हता. त्यातलं एक काही जळलं की सगळाच डबा भंगारात. तिला हवा होता मॉड्युलर, म्हणजे खाचा असलेला राउटर. ज्याची गरज त्याचं कार्ड त्या खाचेत बसवायचं, विजेनं जळलं तर तेवढंच काढून दुसरं घालायचं. एक खाच तिनं रिकामीच ठेवायला लावली. उद्या काय लागेल कुणी सांगावं?

आणि त्याच्या एका खाचेत व्हॉइस गेटवे. बाहेरून येणारी जुनी तांब्याची टेलिफोन लाइन आणि आत टेबलाटेबलावरचे इंटरनेटवर चालणारे नवे फोन, यांच्यातला तो दुभाषी. तांब्याची लाइन काढूनच टाका असं सगळे म्हणत होते. डेल्सी हटून बसली. "वादळात मोबाइलचे टॉवर पडले तेव्हा कुठला फोन चालू होता, आठवतंय ना?" ती म्हणाली. लाइन राहिली.

खरं कारण तोंडवलीला होतं.

तोंडवलीला सुरूच्या बनात तिचं सासर. तिथं मोबाइलला रेंज म्हणजे नशिबाचा खेळ. घरात होता तो लँडलाइन. नवरा कॉनरॅड दोह्याला. डेल्सी पहाटेच्या गाडीनं कुडाळला यायची ती दिवेलागणीला परत. मधला सगळा दिवस रॉयस्टन आणि त्याची आजी, सेवरीनामांय.

सेवरीनामांयचा फोनचा एक कायदा होता आणि तो तिच्या लग्नाइतका जुना होता. आधी नवरा आखातात, मग मुलगा आखातात. गावातल्या सगळ्या बायकांनी जन्मभर तेच केलं होतं. नंबर फिरवायचा, पलीकडे एकदा वाजू द्यायचं आणि ठेवायचं. झालं. पलीकडचा माणूस समजतो आणि उलट फोन करतो. पूर्ण वाजू देणं म्हणजे उधळेपणा. फोन करायचा तो त्यांनी, आपण फक्त रिंग द्यायची.

कारखान्यात हे सगळ्यांना पाठ होतं. रिसेप्शनवरच्या विनीताच्या टेबलावरचा फोन एकदा वाजून तुटला की ती तिथूनच ओरडायची, "डेल्सी गो, सासू तुजी!" आणि डेल्सी हातातलं टाकून फोन लावायची. बहुतेक वेळा काही नसायचं. रॉयस्टन पेज खाईना, रॉयस्टननं चप्पल विहिरीत टाकली. एकदा मात्र अंग तापलं होतं, आणि डेल्सी लावत राहिली तर लाइन सारखी एंगेज. घाबरून मांय परत परत रिंग देत बसली होती. त्या दिवशी घरी गेल्यावर डेल्सी प्रथमच सासूवर चढ्या आवाजात बोलली.

"मांय, एकदा रिंग दिल्यात की फोनाक हात लावू नकात. तुमीच लावत बसल्यात तर माजो फोन लागतलो कसो? मी करतंय. गुरुदासाची रिक्षा मी बोलवतंय, डॉक्टराक मी सांगतंय. तुमी फक्त रिंग द्या आणि झिलाक घेऊन बसा."

"बरां, बाये," मांय म्हणाली होती. "एक रिंग. मगे हात लावूचंय नाय."

नवं यंत्र आलं ते निलेश नावाचा कंपनीचा पोरगेला इंजिनीअर घेऊन आला. जोडणी झाली. डेल्सी मागे उभी राहून एकेक तार बघत होती. मग तिनं स्वतःसाठी एक गोष्ट मागितली. तोंडवलीच्या नंबरावरून आलेला फोन विनीताकडे जाऊ नये, थेट आपल्या टेबलावर वाजावा. विनीता कधी जेवायला जाते, कधी गेटवर असते. मधे कुणी नको.

"होईल की," निलेश म्हणाला. "पण त्यासाठी गेटवेनं नंबर ओळखला पाहिजे. इथल्या लाइनवर नंबर येतो पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधे. म्हणजे तो दुसऱ्या रिंगपर्यंत थांबणार, मग तुमचा फोन वाजवणार. एक रिंग वाया जाते मॅडम, कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही."

"चालेल," डेल्सी म्हणाली.

तिला ते समजलं नव्हतं असं नाही. कॉलेजात शिकली होती ती. त्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढे फक्त एवढंच होतं की मांयचा फोन आता थेट आपल्या हाताशी वाजेल. निलेशनं कॉम्प्युटरवर दाखवलेल्या सेटिंगच्या चौकोनावर तिनं स्वतः टिचकी मारली. संध्याकाळी घरी येऊन सांगितलंसुद्धा, "मांय, आता तुमची रिंग सरळ माज्या टेबलार."

मांयला आनंद झाला. रॉयस्टन फोनकडे बोट दाखवून म्हणाला, "टीऽन." फोनला तो टीन म्हणायचा. कुठंही वाजला की मान गर्रकन वळवायचा.

त्यानंतरचे दिवस शांत गेले. फोन नाही म्हणजे पोर बरं आहे. पेजसुद्धा खातोय वाटतं, असं ती विनीताला म्हणाली. "सासू सुधारली गो तुजी," विनीता म्हणाली. घरी मांयनं एकदा विचारलंही, "काल रिंग दिलेलंय, तुजो फोन इलोच नाय?" डेल्सी तेव्हा पोराला भरवत होती. "मीटिंग असतली मांय," ती म्हणाली. एवढी सावध बाई, पण ते वाक्य तिच्या कानावरून गेलं.

आणि त्या गुरुवारी दुपारी तिच्या टेबलावरचा फोन गप्प होता. समोर चहा होता. तिनं फोनकडे पाहिलं, देवाचे आभार मानले आणि एका बिलाच्या कामाला लागली.

फोन वाजला तो विनीताच्या टेबलावर, बऱ्याच वेळानं आणि वाजतच राहिला. गुरुदासचा होता, मालवणातून. रिक्षा घेऊन घरापुढून जात होता म्हणून मांयचा टाहो त्याला ऐकू आला. शेजारच्या बायका मासळीबाजारात गेलेल्या. पोर मांडीवर वाकडंतिकडं होत होतं आणि म्हातारी फोनसमोर बसून होती, फोनकडे बघत.

"आकडी थांबना नाय, डेल्सी," गुरुदास म्हणाला. "हयचे डॉक्टर गोव्याक व्हरूक सांगतत. तू भायर पड."

गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. आकडी सुरू झाल्यापासून किती वेळ गेला? कुणालाच नीट सांगता येईना. आकडी थांबली होती, पण पोर जागं होऊनही जागं नव्हतं. डोळे उघडे, नजर वरच्या पंख्यावर. उजवा हात पडल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, मेंदूला बराच वेळ प्राणवायू मिळालेला नाही. कितपत सुधारेल ते आज सांगता येणार नाही. मग आवाज उतरवून म्हणाले, "फार आशा ठेवू नका."

दोह्याहून कॉनरॅडचा फोन आला. तो रडत होता आणि आईवर ओरडत होता. "एक रिंग देवक काय झाला तुका? एक रिंग!"

सेवरीनामांय फोन कानाला धरून खाली बघत राहिली. "इसारलंय, पुता," ती म्हणाली. "म्हातारी झालंय मी. इसारलंय."

डेल्सीनं ते ऐकलं. तिचाही जळफळाट झाला. सगळं सांगून ठेवलेलं, एवढं एक काम, आणि विसरली? दोन दिवस ती सासूशी बोलली नाही. वॉर्डात पोराच्या एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला ती.

मग रजेच्या अर्जासाठी तिला कारखान्यात जावं लागलं. टेबलावर चहा वाळून गेलेला पेला तसाच होता. शेजारी तो नवा फोन, चकचकीत. त्याच्याकडे बघताना तिला मांयचं ते वाक्य आठवलं. काल रिंग दिलेलंय, तुजो फोन इलोच नाय?

तिनं मोबाइल काढला आणि कारखान्याचा नंबर लावला. मोबाइलमध्ये एकदा वाजलं, स्पष्ट. तिनं कापलं. टेबलावरचा फोन गप्प. विनीताचाही गप्प. तिनं परत लावलं, परत कापलं. कुठं दिवासुद्धा लागला नाही. पलीकडून बघितलं तर रिंग गेलेली. अलीकडून बघितलं तर काहीच आलेलं नाही.

"काय झालां गो?" विनीतानं विचारलं.

डेल्सीनं कॉम्प्युटर उघडला आणि त्या चौकोनातली खूण काढली. एका टिचकीचं काम. मग पुन्हा मोबाइलवरून लावून बघितलं. पहिल्याच रिंगला विनीताचा फोन खणखणून उठला. डेल्सी तिथंच खुर्चीवर बसली. 

गोव्याला परतल्यावर वॉर्डाबाहेरच्या बाकावर ती सासूसमोर बसली. मांयचे हात हातात घेतले आणि सगळं सांगितलं. गेटवे, पहिली रिंग, दुसरी रिंग. सांगताना तिचं तिलाच ते फालतू वाटत होतं.

मांयनं शांतपणे ऐकून घेतलं. मग इकडं तिकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "रिंग गेली गो, बाये. माज्या कानान आयकलंय मी. एकदा वाजली आणि ठेवलंय. मगे हात लावूक नाय, तू सांगलेलंस तसा. झिलाक घेऊन थंयच बसलंय. आता वाजतलो, आता वाजतलो…"

"मांय, ती माज्यापर्यंत इलीच नाय!"

"तू कामात असशीत. माका म्हायत आसा. नोकरी म्हटली की माणसाक उठाक मेळणा नाय." तिनं डेल्सीच्या हातावर थोपटलं. "कॉनरॅडाक सांगूक नाय मी. आणि कोणाकच सांगूचंय नाय. म्हातारी इसारली म्हटला तर लोक चार दीस बोलतत. झिलाच्या आवशीन रिंग आयकान फोन केल्यान नाय म्हटला तर तुका जल्मभर बोलतीत."

डेल्सी ओरडलीच. बाकावरचे लोक वळून बघायला लागले. "असां नाय मांय! यंत्रान अडवल्यान ती! मीच तसा करून घेतलेलंय, माज्या हातान! माका आयकाक येवची नाय असा!"

सेवरीनामांयच्या चेहऱ्यावर इतकी दया होती की डेल्सीला ती बघवेना.

"बरां, बाये," ती म्हणाली. "नाय इली. उगी रव. डब्यात पेज आसा, वायच खा."

आत वॉर्डात नर्सच्या टेबलावर फोन वाजायला लागला. दोघी दारातून आत आल्या. फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. डेल्सी खाटेपाशी गेली, वाकली, आणि पोराच्या मानेकडे बघत राहिली.

फोन वाजायचा थांबला. रॉयस्टन पंख्याकडे बघत होता.