पूपकचे हात

सरकारने परदेशी अ‍ॅप्स बंद केली तेव्हा इराणातल्या रश्त शहरात सगळ्यांचीच चिडचिड झाली. माहरुखची मात्र बोलतीच बंद झाली. ती जन्माची बहिरी, आणि जर्मनीत हॅम्बुर्गला दिलेली तिची लेक पूपकही तशीच. मायलेकी रोज व्हिडिओवर हातांनी गप्पा मारायच्या. ऐकू येणाऱ्यांना साधा फोन तरी उरला होता; या दोघींच्या हातांना काहीच उरलं नाही. ओळखीच्यांनी बंदी चुकवायची अ‍ॅप्स घालून दिली, तीही एकेक करून मेली. आणि पूपक तर ओली बाळंतीण!

घरातली नणंद तूरान हीच काय ती माहरुखचा कान. तिने जावयाला, कामयारला, फोन लावला आणि फोन ठेवून हातवारे केले, "सगळं ठीक आहे म्हणतोय."

"आवाज कसा होता त्याचा?" माहरुखने हातांनीच विचारलं.

तूरानने नजर चुकवली.

"वन्सं, माझे वडील गेले तेव्हाही दफन होईपर्यंत मला ठीक आहे असंच सांगत होते. चला वर, तहमासबीकडे."

"त्या फोनखात्यातल्याकडे? अहो, परवाच त्याला जिन्यात बघून तोंड फिरवलंत तुम्ही!"

"मी फिरवलं ना? मग मीच जाते. तुम्ही फक्त बोला."

तहमासबी खात्यात साहेब होता. त्याच्या मोबाइलच्या कार्डाला बंदी लागू नव्हती, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच त्याच्याशी कुणी बोलत नसे. तूरानचं ऐकून तो दारातच अवघडला.

"बाईसाहेब, हे कार्ड कामापुरतं दिलंय. कुणी तक्रार केली तर माझी नोकरी जाईल."

"कोण करणार तक्रार?" आतून त्याची बायको फुरुग ओरडली. "आपल्याशी बोलतंय कोण इथे? घ्या हो त्यांना आत!"

फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर पूपक दिसली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. आईला बघताच तिचे हात धावत सुटले.

"आई, बाळाला ऐकू येत नाही. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासलं. सासूबाई आल्यापासून रडतायत. कामयार कुणाशी धड बोलत नाही. मला काय वाटतंय, ते कुणी विचारतच नाही."

"काय वाटतंय तुला?"

पूपकचे हात थबकले. मग सावकाश हलले. "आधी आनंद झाला. आता त्या आनंदाचीच लाज वाटते."

माहरुखच्या गळ्यातून मोठा, वेडावाकडा आवाज फुटला. तहमासबी दचकला. ती हसत होती.

"लाज कसली, वेडे? तुझं कळलं तेव्हा मी दार लावून हसले होते, तुझ्या आजीला दिसू नये म्हणून! मला बोलायला माणूस मिळालं होतं. आण तिला उजेडात."

बाळ टकमक बघत होतं. हनुवटीला खळी होती. माहरुखने बोट स्वतःच्या हनुवटीवर टेकवून अलगद फिरवलं. "हे हिचं नाव. अशी हाक मार. रोज मार, ती बघत असेल तेव्हा."

पूपकने बाळासमोर ती खूण केली. एकदा, पुन्हा एकदा. तेवढ्यात मागे कामयार येऊन उभा राहिला. माहरुखने तूरानला कोपराने ढोसलं आणि भराभर खुणा केल्या.

"जावईबापू," तूरान रडवेल्या आवाजात म्हणाली, "वहिनी म्हणतायत, तुमच्या आईला सांगा, रडून झालं की हात चालवायला शिका. नात वाट बघत बसणार नाही."

कामयार कसंनुसं हसला. मग खाली बसून त्यानेही, चुकतमाकत, बोट हनुवटीला लावलं.

फोन बंद झाल्यावर तहमासबीने तूरानला हळूच विचारलं, "वाईट बातमी होती का?"

माहरुखने त्याच्या ओठांवरून प्रश्न ओळखला आणि जोरात मान हलवली, नाही. त्याने चहाचा पेला तिच्यापुढे सरकवला. "शुक्रवारी सुट्टी, मी घरीच असतो," एवढंच म्हणाला.

नवरोज, म्हणजे इराणी नवं वर्ष, उलटून गेला तरी बंदी उठली नाही. दर शुक्रवारी माहरुख कुलुचे या गोड बिस्किटांची बशी घेऊन वर जाई आणि जिन्यात तहमासबी भेटला तर छातीवर हात ठेवून त्याला सलाम करी. शेजारणी तिला अडवून विचारत, "या माणसाशी तुझं एवढं काय गं?" ऐकू येत नाही अशा खुणेने ती कानाकडे बोट दाखवी आणि पायऱ्या चढू लागे.