मेलेल्या गाईची राखण

डिसेंबरात मोहोर कसा धरलाय ते बघायला जानकी परब काजूच्या बागेत गेली, तेव्हा बागेच्या दगडी गडग्याच्या आत तिला एक हिरवं कापड दिसलं. चार काठ्यांवर ताणलेलं, वर सुक्या पानांचा पातेरा टाकलेला. कापडाखालून दोन बूट बाहेर आले होते.

आधी तिला वाटलं, कोणीतरी मरून पडलंय. मग बूट हलले.

"कोण ता थय?" हातातली कोयती घट्ट धरून ती ओरडली.

साठीकडे झुकलेला एक बारकासा माणूस सरपटत मागे आला आणि त्याने तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोला, बाई. ते उठेल."

"काय उठेल?"

त्याने वर दाखवलं. बाग संपून उघड्या कातळाचा सडा सुरू होतो तिथे बेहड्याचं जुनं झाड होतं. शेंड्याजवळ काटक्यांचा मोठा ढीग होता आणि त्यात उघड्या मानेचा एक काळपट पक्षी बसला होता.

"गिधाड. अंड्यावर बसलंय. महिनाभर बघतोय मी."

महिनाभर! महिनाभर हा माणूस तिच्या जमिनीत येऊन बसत होता आणि तिला पत्ता नव्हता.

तिचा चेहरा बघून तो मालवणीवर आला. "मी कुडाळचो. सत्यवान वालावलकर. फोटो स्टुडियो होतो माझो. लग्ना, बारशी काढलंय जन्मभर. आता परतेकाच्या खिशात कॅमेरो. मगे ह्येच काढतंय."

त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर गिधाड दाखवलं. इतकं जवळून की त्याच्या डोळ्यावरची पापणी दिसत होती. जानकी बघत राहिली. तो बटण दाबत गेला तशी चित्रं सरकत गेली. झाड. सडा. कौलारू छप्पर. विहीर.

"थांबा. ह्या माझा घर कित्याक काढलात?"

"ता थयसून उडाला. मी कॅमेरो तेच्या पाठोपाठ फिरवलंय, घर मधी इला."

उत्तर सरळ होतं. जानकीला सरळ उत्तरांचंच भय वाटायचं. तीन वर्षांपूर्वी असाच एक माणूस तीन पायांच्या घोडीवर यंत्र लावून सड्यावर फिरत होता. फुलपाखरं मोजतो म्हणाला. पलीकडच्या वाडीने त्याला शहाळी दिली, जेवू घातलं. पुढच्या उन्हाळ्यात त्या वाडीची सामाईक जमीन कुणा परक्याच्या नावावर लागलेली कळली, जेसीबी आला आणि चिऱ्यांची खाण सुरू झाली. आता त्या वाडीच्या विहिरीचा तळ मार्चमध्येच दिसतो. फुलपाखरांचं पुढे काय झालं ते कोणी विचारलं नाही.

"उचला ह्या सगळा," ती म्हणाली. "माझ्या जमिनीत परत दिसाक नाय होया."

त्याने वाद घातला नाही. कापड गुंडाळलं, कॅमेऱ्याची घोडी खांद्यावर टाकली आणि गडगा ओलांडून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गडग्याच्या पलीकडे, उघड्या सड्यावर, त्याच झाडाकडे तोंड करून बसलेला होता.

जानकीचा नवरा गणपत मालवाहू बोटीवर होता, मे महिन्याआधी परत यायचा नव्हता. फोनवर तो एवढंच म्हणाला, "लक्ष ठेव. आणि खयच्याच कागदार सही करू नको."

तिने लक्ष ठेवलं. सत्यवान सकाळी सात वाजता स्कूटरवरून यायचा, दुपारी डबा खायचा, ऊन उतरल्यावर जायचा. फोटो थोडे काढायचा, वहीत जास्त लिहायचा. एकदा तो वही दगडावर ठेवून झुडपांमागे गेला तेव्हा जानकीने गडग्यावरून वाकून पान वाचलं. '७.४० उत्तरेकडून आलं. ९.१५ दोघांची बदली. ११.०५ दक्षिणेला, विहिरीवरून.' बाकी काय लिहिलंय ते तिच्या डोक्यात शिरलंच नाही. विहीर तेवढी शिरली. हा माणूस तिची विहीर लिहून ठेवत होता.

त्याच आठवड्यात तिने स्टॉपवरच्या हॉटेलात सत्यवानाला चहा पिताना पाहिलं. समोर सुदेश बसला होता. तिचा चुलत दीर, ग्रामपंचायतीचा सदस्य. दोघांची डोकी जवळ होती. ती दिसताच सुदेश एकदम सरळ बसला.

"काय बोलत होतास त्या माणसाबरोबर?" संध्याकाळी तिने विचारलं.

"काय नाय गो वयनी. अशेच गजाली."

सुदेश खोटं बोलला की कानाची पाळी चोळायचा. आता तो ती चोळत होता.

दुसऱ्या दिवशी जानकी तलाठी कार्यालयात गेली. "साहेब, आमच्या सातबाऱ्यावर नवीन काही नोंद पडली आहे का, जरा बघता?" तलाठ्याने बघितलं. काहीच नव्हतं. तिने छापील उतारा मागून घेतला आणि घरी येऊन ट्रंकेत ठेवला. आज नाही म्हणजे उद्याही नाही, असं थोडंच असतं.

जानेवारीत एकदा सत्यवान गडग्याजवळ आला. लहान मुलासारखा हसत होता. "पिल्लू इला!"

"बरा," ती म्हणाली आणि पातेरा गोळा करत राहिली. तो गेल्यावर मात्र तिने मान वर केली. तिला काहीच दिसलं नाही.

फेब्रुवारीत तिची तांबू गाय सड्यावरच्या कातळावरून घसरली. खुबा निखळला. चंदन नावाचा एक तरुण गावोगाव फिरून जनावरांना टोचायचा. डॉक्टर नव्हता, पण हाकेला यायचा. त्याने तीन दिवस सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन दिलं. तांबूचं कण्हणं थांबलं, पण ती उठली नाही. चौथ्या दिवशी दिवेलागणीला गेली. बारा वर्षं गोठ्यात होती. जानकीने तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. सुदेशने पॉवर टिलरला दोर बांधून तिला सड्याच्या कडेच्या खळगीत नेऊन सोडलं. मेलेली गुरं पूर्वीपासून तिथेच जायची.

सकाळी साडेसातला सत्यवान दारात उभा होता. धापा टाकत होता.

"गायीक काय इंजेक्शना दिल्यानी?"

"गाय मेलली तुमका कोणी सांगला?"

"सुदेशान. इंजेक्शना खयची?"

"दुखण्याची. चंदनान दिल्यान. कित्याक?"

"तिका पुरूक होया. आत्ताच्या आत्ता, गिधाडा उतरायच्या आधी."

"तुमी गिधाडांचे फोटो काढतास, आणि तेंचाच खाणा पुरूक सांगतास?"

"वयनी, त्यातला एक इंजेक्शन गिधाडांका इख. मासात तसाच रवता. खाल्ला की दोन-चार दिवसात मान टाकून बसतत आणि मरतत. जनावरांका तेची बंदीच आसा, तरी लोक माणसांचा घेवन टोचतत. आई-बाप मेले तर ता पिल्लू उपाशी मरतला."

"सड्यार कातळ. खड्डो कसो मारतलास?"

"मी जेसीबी आणतंय. वळखीचो आसा माझ्या."

हा शब्द ऐकला आणि जानकीच्या मनातला शेवटचा धागा तुटला. तीन महिने गिधाडं, अंडं, पिल्लू असं करत करत अखेर जेसीबीच आला होता. एकदा कातळाला दात लागला की मग कोण थांबवणार? खाली चिरा चांगला आहे हे दिसायला एक खड्डा पुरतो.

"जेसीबीचा चाक माझ्या हद्दीत येवक नाय होया," ती म्हणाली. "आणि तुमीय येव नको." तिने दार लावून घेतलं.

खिडकीतून तिने पाहिलं. तो स्कूटरकडे न जाता खळगीकडे चालत गेला. मग मागचं दार ओढून घेत जानकी बाहेर पडली आणि गडग्याच्या आडोशाने त्याच्यामागे गेली. आज त्याला रंगेहाथ धरायचंच, असं तिने ठरवलं होतं. बहुतेक कुणाला फोन करेल. बहुतेक पावलांनी जागा मोजेल.

त्याने पिशवी दगडाआड ठेवली. बाभळीची एक काठी मोडून घेतली, खिसे दगडांनी भरले आणि तांबूपासून दहा हातांवर उकिडवा बसला. आधी कुत्री आली. त्याने हाकलली. मग कावळे. मग बराच वेळ काहीच नाही. ऊन चढलं, कातळ तापायला लागला, आणि आभाळात एक ठिपका फिरू लागला. मग दोन. मग जानकीने मोजले, सात.

ते गोल गोल खाली आले. पंखांचा असा आवाज झाला, जणू कोणी ओली गोधडी झटकतंय. पहिलं गिधाड उतरलं आणि दोन उड्या मारून तांबूकडे निघालं. जानकीने इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. पाठीवरचा पांढरा पट्टा उन्हात चकाकत होता.

सत्यवान ओरडत धावला. डोक्यावरचा पंचा काढून गरगर फिरवत होता, दगड मारत होता. गिधाड उडालं आणि पलीकडे बसलं. तिकडून दुसरं आलं. तो तिकडे धावला. पाय कातळात अडकून सपशेल आपटला, उठला, परत धावला. गुडघ्यावर पॅंट फाटून रक्त आलं होतं. ज्यांच्यासाठी तो तीन महिने हालचाल न करता बसत होता, त्यांना तो वेड्यासारखा शिव्या घालत होता. "जावा रे! मरतल्यात भाड्यांनो, जावा!"

जानकी थांबली. अजून थोडं बघू, असं तिने स्वतःला दोनदा सांगितलं. हे सोंगही असू शकतं. पण सोंग बघायला तिथे कोण होतं? तो एकटा होता. ती आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

ती गडग्याआडून उठली.

"कॅमेरो खंय?"

तो दचकला. मग दम घेत म्हणाला, "पिशयेत."

"सात उतरली तुमच्या फुड्यात. फोटो काढलात नाय?"

"कॅमेरो धरलो तर दगड कोण मारतलो?"

जानकीने पदर खोचला आणि वाकून दगड उचलला. तिचा नेम त्याच्यापेक्षा बरा होता. आंब्यावरची माकडं हाकलायची सवय होती. दुसऱ्या हाताने तिने सुदेशला फोन लावला. "पॉवर टिलर घेवन ये. दोर घी. फावडी घी. आणि तुझ्या सुभद्रेक सांग, घरात मीठ असात ता सगळा घेवन ये म्हणान."

"जेसीबी?" सत्यवानाने विचारलं.

"जेसीबी नाय. माझो कुळथाचो मळो मोकळो झालोहा. थय माती आसा."

सुदेश आला तेव्हा तिने त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "चाय पिताना काय बोलत होतास, आता तरी सांग."

"गावात गोरू मेला तर माका कळवा, म्हणत होते. बाकी काय नाय."

"मगे माका कित्याक सांगलंस नाय?"

"तू इस्वास ठेवलं असतंस?"

जानकीने फावडं उचललं.

तांबूला सड्यावरून मळ्यापर्यंत ओढत न्यायला तास गेला. सुदेशची बायको सुभद्रा मागे चालत काठीने कुत्री हाकत होती. छातीएवढा खड्डा खणेपर्यंत दुपार झाली. मीठ टाकलं, माती लोटली, वर काटेरी फांद्या रचल्या. गिधाडं बराच वेळ आभाळात फिरत राहिली आणि मग एकेक करून निघून गेली.

संध्याकाळी जानकी चंदनच्या घरी गेली आणि रिकाम्या बाटल्या मागितल्या. तो टाळाटाळ करत होता. ती अंगणात बसूनच राहिली, तेव्हा त्याने डबा आणला. माणसांचंच औषध होतं.

"लवकर आराम पडता म्हणान दिलंय वयनी. वायट मनात नव्हता."

"तुझ्या मनातला माका काय दिसता?" ती म्हणाली. "बाटली दिसता." डबा तिने घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी सरकारी पशुवैद्यकाच्या टेबलावर ठेवला. तेव्हापासून वाडीतल्या बायका कोणी गुरांना टोचायला आला की आधी बाटली हातात मागून घेतात.

कुठल्या पक्ष्याने नजर चुकवून घास घेतला होता का, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढचे पाच दिवस जानकी आणि सत्यवान गडग्याच्या दोन बाजूंना बसून झाडाकडे बघत होते. एका दुपारी घरट्यातल्या मोठ्या पक्ष्याने मान खाली घातली आणि दोघंही एकदम उठून उभे राहिले. मग त्याने पंखातलं पीस साफ केलं. पाचव्या दिवशीही दोन्ही मोठे पक्षी आळीपाळीने घरट्यावर येत होते. त्या दिवशी जानकीने गडग्यातलं फाटक उघडून दिलं.

एप्रिलमध्ये पिल्लू घरट्याच्या काठावर उभं राहून पंख मारायला लागलं. जानकी काजू गोळा करता करता मध्येच थांबून बघायची. मग एका सकाळी ती आली तर घरटं रिकामं होतं. झाडाखाली कोणी नव्हतं. सत्यवानही नव्हता, आदल्या दिवशीही आला नव्हता. फोन लागत नव्हता. पिल्लू विकत घेणारे लोकही असतात, असं तिने कुठेसं ऐकलं होतं. तीन महिने विश्वास बसायला लागले होते, तो तीन क्षणांत गेला.

तेवढ्यात स्कूटरचा आवाज आला. सत्यवान उतरला, तापाने चेहरा ओढलेला, गळ्याला मफलर.

"दोन दिवस पडान होतंय," तो म्हणाला आणि त्याने वर रिकाम्या घरट्याकडे पाहिलं.

दोघं झाडाभोवती फिरले, काजूखाली शोधलं, सड्यावर गेले. शेवटी सत्यवानाला ते सापडलं. शंभर पावलांवरच्या ऐनाच्या झाडाच्या फांदीवर पिल्लू वेडंवाकडं बसलं होतं, तोल सावरत, एक पंख अर्धा उघडा. वर आभाळात दोघं मोठे फिरत होते.

तापामुळे सत्यवानाला कॅमेरा पेलवेना, म्हणून तो जानकीने धरला. त्याने फक्त बटण दाखवलं.

"काय झाला, वयनी?" थोड्या वेळाने त्याने विचारलं. "मी इलंय तेव्हा तुमी खूप घाबरलेल्यात."

"काय नाय," जानकी म्हणाली. तिने परत डोळा काचेला लावला. मनात काय आलं होतं ते तिने त्याला त्या दिवशी सांगितलं नाही, आणि नंतरही कधी नाही.