सहा फूट आत

मोजणीवाले जीपमधून आले तेव्हा अकीलाची अरीबा नववीत होती. त्यांनी टेप धरला, हिवरा नाक्यावरच्या सत्तेचाळीस घरांवर लाल रंगाने आकडे टाकले आणि हॉटेलात जेवून निघून गेले. रस्ता चौपदरी होणार होता. अकीलाचा नवरा अब्दुल सत्तार याच्या घरात ती लाल रेघ पुढच्या खोलीच्या बाजूच्या भिंतीवर आली, दारापासून मोजून सहा फूट आत. रेघेच्या पुढचं सगळं जाणार होतं.

त्याला आता चार वर्षं झाली होती. अरीबा बारावी होऊन अमरावतीच्या कॉलेजात जायला लागली, आणि रेघ होती तिथेच होती.

हिवरा नाका म्हणजे धड गाव नव्हतं, धड शहरही नव्हतं. अमरावती बसने अर्ध्या तासावर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची शेतं मोडून प्लॉट पाडलेले, प्लॉटांवर सिमेंटचे खांब, खांबांमध्ये बाभळी. जवळपासच्या गावांतून उठून आलेली माणसं इथे दोन खोल्या बांधून राहत आणि उद्या अमरावतीला, परवा पुण्याला जायच्या गोष्टी करत. रेघा पडल्यापासून तर कोणी भिंतीला चुनासुद्धा लावेना. कुणाचं छप्पर गळे, कुणाचा संडास अर्धवट राहिलेला. विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, "रस्ता होऊ द्या, मंग पाहू."

सत्तारचं दुकान त्याच पुढच्या खोलीत. फवारणीचे पंप दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. पण कापसाची ती वर्षं वाईट होती. दुरुस्त झालेले अकरा पंप फळीवर पडून होते, प्रत्येकाच्या गळ्यात मालकाच्या नावाची चिठ्ठी. त्यातल्या दोघांनी शेती सोडली होती, एक जण सुरतेला गेला होता, आणि एकाचं नाव वाचायचं सत्तार टाळत असे.

अकीला मूळची पातूरची, स्वस्थ बसणं तिला ठाऊकच नव्हतं. रस्त्यावर जीप थांबली की ती पोळी तव्यावर टाकून दारात. पाच वेळा ती अमरावतीच्या ऑफिसात जाऊन आली. एकाने सांगितलं दिवाळीनंतर, दुसरा म्हणाला फाईल वर गेली आहे, तिसऱ्याने तिलाच विचारलं, "कोणता रस्ता?" अरीबाला पाहायला दोन स्थळं आली. दोन्ही वेळा मुलाच्या मामांची नजर मुलीआधी भिंतीवर गेली. "घर राहणार की जाणार?" त्यांनी विचारलं.

एप्रिलमधल्या एका सकाळी पुढच्या खोलीतल्या भिंतीचा पोपडा सुटून अरीबाच्या वहीवर पडला. तिने वही झटकली आणि शांतपणे म्हणाली, "अम्मी, मी अमरावतीला राजापेठेत मैत्रिणीबरोबर खोली बघितली आहे. जूनपासून तिकडेच राहीन."

"काहून? आपलं घर नाई का?"

"इथे बसायला जागा कुठे आहे? पुढे अब्बूचं दुकान, मागे स्वयंपाक. मागची खोली वाढवा म्हणून मी किती वर्षं सांगते आहे."

"रस्ता झाल्यावर..." अकीला बोलायला लागली आणि आपलेच शब्द ऐकून थांबली.

तो दिवस सत्तारचा अकोल्याला जायचा होता, वायसर आणि नळ्या आणायला. आठच्या बसने तो गेला. नऊ वाजता अकीला देवमन मिस्त्रीच्या दारात उभी होती.

"पुढची खोली पाडायची आहे. रेघेपर्यंत."

देवमन दात घासत होता. त्याने चूळ भरली. "नोटीस आली का, भाभी?"

"नाई आली."

"सत्तारभाऊ काय म्हनते?"

"ते अकोल्याले गेले."

"मंग येऊ द्या त्याईले. माणूस घरी नसताना मी घराले हात नाई लावत."

अकीला घरी आली. अकरा पंप एकेक करून तिने मागे नेले. सत्तारचा पंप पकडायचा लोखंडी शिकंजा लाकडी मेजासकट ओढत अंगणात काढला, त्यात अर्धा तास गेला. अरीबा आधी "अम्मी, वेडी झालीस का?" म्हणत होती, मग ओढणी कंबरेला बांधून तीही आली. दोघींनी पुढच्या छपराची टिनं उतरवली. नंतर अकीलाने लोखंडी सब्बल उचलली आणि दाराच्या वरच्या विटांत घातली.

पहिली वीट निघायला वेळ लागला. दुसरी हातानेच निघाली. चार वर्षं जिला हात लावायची छाती होत नव्हती ती भिंत आतून मातीच झाली होती.

आवाज ऐकून शेजारची लीलाबाई धावत आली. लीलाबाई आणि तिचा नवरा खुशालराव, दोघं नांदगावाकडची बारा एकर काळी जमीन पुतण्याला ठोक्याने कसायला देऊन इथे राहायला आलेले. बाई तोंडाने फटकळ.

"अवं बाई! काय करून राहिली तू?"

"दिसत नाई का?"

"नवऱ्याशी भांडण झालं?"

"कोनाशीच नाई झालं. हे कवा ना कवा पडनारच हाय ना? मंग मीच पाडतो. मले आता वाट पाहनं होत नाई, लीलाबाई."

नवऱ्याशी अकीला हिंदीत बोले, बाकीच्यांशी वऱ्हाडीत, आणि डोकं तापलं की तिची वऱ्हाडी जास्तच ठसक्यात येई, हे लीलाबाईला माहीत होतं. तिने थोडा वेळ कमरेवर हात ठेवून पाहिलं, मग पडलेल्या विटा बाजूला रचायला लागली. "सारी माती वाया घालवशील. आख्ख्या विटा अलग ठेव." दुपारी देवमनही आला. खाली मान घालून म्हणाला, "भाभी, दारावरचा लाकडी पाट तुमच्यानं नाई निघनार. सरका."

सत्तार संध्याकाळी बसमधून उतरला आणि आपल्या घरावरून पुढे निघून गेला. तीन दारं गेल्यावर थबकला, मागे वळला. रस्त्यातून थेट आपल्या मागच्या खोलीतलं कपाट दिसतंय, हे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ गेला. वायसरांची पिशवी त्याने खाली ठेवली. अकीलाचे केस, भुवया, सगळं मातीने पांढरं झालेलं.

"मेरा शिकंजा कहाँ है?" त्याने विचारलं.

तिने अंगणाकडे बोट केलं. त्यानंतर आठ दिवस तो तिच्याशी बोलला नाही. ताडपत्री बांधून त्याखाली काम करत राहिला. भाकरी वाढली की खाई, ताट सरकवून उठून जाई.

देवमनने निघालेल्या विटांतून रेघेवर नवी भिंत उचलली आणि उरलेल्या आणि थोड्या विकत आणलेल्या विटांत मागे आठ बाय नऊची खोली बांधली. अरीबाने तिला स्वतःच्या हाताने निळा रंग दिला. तरी जून लागला तशी ती राजापेठेत गेलीच. खोलीचं आधी ठरलं होतं, म्हणाली, शनिवारी येईन. अकीलाने तिचा डबा भरून दिला.

नाक्यावरची माणसं मात्र घर पाहायला येत. कोरी भिंत, गिलावा केलेली, दाराला हिरवा रंग. लोक हात लावून बघत. मग देवमनला बोलावणी सुरू झाली. महिन्याभरात चार घरांनी आपापल्या रेघेपर्यंत पाडून घेतलं. चौथं घर खुशालरावांचं. त्यांची पुढची पडवी मोठी होती, सागवानी खांबांची. लीलाबाईनेच नवऱ्याच्या मागे लागून ती काढवली.

पोळ्याच्या आठवड्यात बातमी आली. रस्ता नाक्यातून जाणार नव्हता. तीन किलोमीटरवरून, शेतांतून, बाहेरचा नवा मार्ग मंजूर झाला होता. तिकडे खुणेचे दगडही रोवले गेले. नाक्यावरच्या रेघांचं काय, असं कोणी विचारलं तेव्हा जीपमधला माणूस म्हणाला, "पुसून टाका."

त्या संध्याकाळी खुशालराव अकीलाच्या दारात आले. एरवी कधी आवाज न चढवणारा माणूस.

"माह्या बापाच्या हातचे खांब होते थे! तुह्या नादी लागून माह्या बायकोनं घर पाडलं. आता सांग, कोन भरून देते?"

माणसं गोळा झाली. तेवढ्यात ताडपत्रीखालून सत्तार हात पुसत उठला.

"खुशालभाऊ," तो वऱ्हाडीत म्हणाला, "पहिलं घर माहं पडलं. मी घरी नव्हतो तरी माहंच पडलं. काय बोलायचं थे मले बोला. तिले नाई."

खुशालराव वळून परत गेले. आत आल्यावर सत्तारने पाणी मागितलं. चार महिन्यांत त्याने तिच्याकडे स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. पाणी पिऊन म्हणाला, "तूने गलत किया, ये मैं अब भी बोलता हूँ." तिने हो म्हणून मान हलवली.

लीलाबाईने बोलणं सोडलं. हौदावर समोरासमोर आल्या तरी ती बादली घेऊन वळे. अकीलाची झोप उडाली. ती पहाटे उठून अंगण झाडे, परत झाडे. खुशालरावांनी पडवी पुन्हा उभी करायला घेतली हे तिला देवमनकडून कळलं, आणि विटा कमी पडत आहेत हेही. तिच्या मागच्या भिंतीला बांधकामातून उरलेल्या दीडशे विटा रचून ठेवलेल्या होत्या. सत्तारला न विचारता काही करायचं नाही असं तिने ठरवलं होतं, म्हणून या वेळी विचारलं.

"ले जा," तो म्हणाला, आणि उठून स्वतःच घमेलं भरायला लागला.

दोघांनी सकाळभर विटा वाहिल्या. लीलाबाई चौथऱ्यावर बसून पाहत होती. पहिल्या खेपेला तिने तोंड फिरवलं. पाचव्या खेपेला म्हणाली, "तुटक्या आनू नको, आख्ख्याच आन." दहाच्या सुमारास ती उठली, पदराने कपाळ पुसलं आणि विटांच्या ढिगाकडे बघत बोलली, "मिस्त्रीले च्या पायजे. माह्या घरचं दूध नासलं."

"मी आनतो करून," अकीला म्हणाली.

"साखर जास्त टाकजो. थो देवमन कमी साखरेचा पीत नाई."

अकीला घरी आली, स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं. अरीबाची निळी खोली समोरच होती, बंद, आत अंधार. पाणी उकळेपर्यंत ती दार उघडून आत गेली आणि मागच्या भिंतीकडे पाहत राहिली. भिंतीपलीकडे, प्लॉटांच्या मागे अजून कुणाची तरी तूर उभी होती. तिने हाताने भिंतीवर वितीने माप घेतलं, एकदा आडवं, एकदा उभं. मग चहाचं भगोणं आणि चार कप घेऊन निघाली. देवमनच्या हातात कप देता देता तिने विचारलं, "मिस्त्री, मागच्या भिंतीत एक खिडकी काढायची म्हटली तं किती दिवस लागतीन?"