टाकीला टोपडं

सासूबाईंचा जावयावर विश्वास नव्हता असं नाही. फक्त त्याच्या हातात दुधाचं भांडं दिलं की त्या भांड्याच्या मागोमाग चालायच्या. बारा वर्षं झाली लग्नाला, पण घरातला दिवा गेला तर स्टुलावर सासूबाई चढायच्या आणि जावयानं खाली स्टूल धरायचं.

आणि अशा माणसाच्या हवाली त्यांनी आपल्या शेळीचं अख्खं खानदान केलं होतं!

जावई शेळीपैदास केंद्रात तंत्रज्ञ होता. त्याच्या ताब्यात एक टाकी होती. कमरेएवढी उंच, पोट सुटलेली, मान आखूड, थेट केंद्राच्या संचालकसाहेबांसारखी. आत द्रव नायट्रोजन, म्हणजे असलं गार की त्यात फूल बुडवून काढलं तर काचेसारखं फुटावं. त्या गारठ्यात बारीक प्लास्टिकच्या नळ्या उभ्या होत्या. पाच नळ्या, पाच भ्रूण. पाचही सासूबाईंच्या फणकारीचे.

फणकारी म्हणजे त्यांची शेळी. दोन वेळा मिळून चार लिटर दूध द्यायची आणि प्रत्येक लिटरमागे एक लाथ. तिला झाले ते सगळे बोकड. "पोरगी एक नाही हो झाली बिचारीला," असं सासूबाई अशा आवाजात म्हणायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, शेजारीणबाईंबद्दल बोलतायत. तीन वर्षांपूर्वी, तिचं वय उलटायच्या आत, केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी तिचे भ्रूण काढून गोठवले. जावयानं तेव्हा छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "आई, फणकारीची लेक तुमच्या अंगणात नाचवतो की नाही बघा."

तीन वर्षं झाली. फणकारी म्हातारी झाली, दात गेले, लाथेतला जोर गेला. सासूबाई म्हणायच्या, "ती डोळे मिटायच्या आत तिची लेक दिसू दे, बाकी मला काही नको." आणि अंगणात काही नाचेना.

कारण होतं साहेबांचा बोर्ड. केंद्राच्या दारात निळ्या बोर्डावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं: 'जतन केलेले भ्रूण: ५'. भ्रूण उसन्या आईच्या, म्हणजे दुसऱ्या एखाद्या तरण्या शेळीच्या, पोटात सोडायचे तर साहेबांची सही लागे. आणि सोडले की बोर्डावर उरणार शून्य.

"अहो, जतन म्हणजे जतन," साहेब म्हणायचे. "वापरून टाकलं तर जतन कसलं?"

जावई दर महिन्याला दोन शेळ्या इंजेक्शनं देऊन तयार करायचा. भ्रूण जितक्या दिवसांचा, शेळीला माजावर येऊन तितकेच दिवस झालेले लागतात, एखाद दिवस इकडेतिकडे चालतो, त्याहून जास्त नाही. शेळ्या तयार व्हायच्या, साहेब "पुढच्या महिन्यात बघू" म्हणायचे, शेळ्या पुन्हा चरायला जायच्या. त्यांनाही आता सवय झाली होती.

वर साहेबांना धुराचा नाद. कुणी पाहुणा आला की टाकीचं झाकण उघडायचं, पांढरा धूर भसाभस बाहेर, साहेब मधोमध उभे, फोटो! जावई रोज सकाळी लाकडी पट्टी टाकीत बुडवून वर काढायचा, हवेत हलवायचा, दंव कुठवर धरलं ते बघायचा. प्रत्येक फोटोमागे बोटभर पातळी उतरलेली. शेवटी त्यानं टाकीवर कागद चिकटवला: 'झाकण उघडू नये.' दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यात पेनानं दोन शब्द घातले, 'परवानगीशिवाय', आणि स्वतःला परवानगी देऊन झाकण उघडलं.

हे सगळं जावई रात्री जेवताना बायकोला सांगायचा. सासूबाई भाजी वाढता वाढता ऐकायच्या. नायट्रोजन उडून जातो, झाकण उघडलं की भ्रूणांना धोका, साहेब ऐकत नाहीत, एवढं त्यांना नीट कळलं. झाकण मुद्दाम सैलच ठेवलेलं असतं, आतला वायू थोडा थोडा बाहेर पडावाच लागतो, हे मात्र जावयानं सांगितलं नाही. घरात हे कोण विचारणार, असं त्याला वाटलं.

सासूबाई पेशानं शिंपीण. चाळीस वर्षं मशीन चालवलेली बाई. त्यांनी टाकीला टोपडं शिवलं.

साधं नव्हे. बाहेरून जाड कापड, मध्ये कापूस, आतून रेक्झीन. प्रत्येक शिवणीवर दुहेरी टीप, वर चिकटपट्टी. आणि टाकीच्या मानेशी आवळायला अशी नाडी, की गाठ त्या सोडतील तरच सुटेल. आठवड्यातून एकदा त्या "माझी माणसं बघायला" म्हणून केंद्रात यायच्याच. वॉचमननं नेहमीसारखं सोडलं. जावई पहाटेपासून गोठ्यात होता, डॉक्टरीणबाईंबरोबर त्या महिन्याच्या दोन शेळ्या तपासत. सासूबाईंनी टोपडं चढवलं, नाडी आवळली आणि डबा घेऊन अंगणातल्या बाकावर जाऊन बसल्या. मनात म्हणाल्या, आता उघड बरं झाकण!

त्या दिवशी अकरा वाजता केंद्राच्या नव्या खोलीचं उद्घाटन होतं. पाहुणे पंधरा, फीत एक, कात्री एक.

फीत कापून झाली आणि साहेब सगळ्यांना घेऊन टाकीपाशी आले. बघतात तर टाकीला डोकं फुटलेलं. टोपडं तीन तासांत फुगून चांगलं भोपळ्याएवढं झालं होतं आणि हळूहळू डुलत होतं.

"हे काय आहे?" एका पाहुण्यानं विचारलं.

साहेबांना काही माहीत नाही असं कधी होत नसे. "हे... हे नवीन आहे. फुगणारं संरक्षक आवरण. आपल्याच केंद्रात विकसित केलंय."

"हात लावू का?"

"लावा ना!"

पाहुण्यांनी लावला. टोपडं कुरकुरलं. साहेबांना काही धुराचा मोह आवरेना. त्यांनी नाडी ओढून पाहिली, गाठ हलेना. मग त्यांनी उद्घाटनाची कात्री मागवली, डाव्या हातानं टोपडं गच्च धरलं आणि उजव्या हातानं कच्चकन नाडी कापली.

फट्ट!

टोपडं वर उसळलं, झाकण छताला लागून खाली आलं, आणि साहेब मागच्या मागे बसले. बसताना टोपड्याचं टोक काही हातातून सोडलं नाही, त्याचा दुसरा पदर टाकीच्या मुठीत अडकलेला. टाकी साहेबांच्या शेजारी आडवी. जमिनीवरून पांढरा धूर मेंढ्यांच्या कळपासारखा धावत सुटला. पाहुणे खुर्च्यांवर चढले. मागच्या दोघांना वाटलं कार्यक्रमातलाच भाग आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आवाज ऐकून जावई गोठ्यातून धावत आला. "खिडक्या उघडा! सगळे बाहेर! बाहेर व्हा आधी!" हा आवाज त्याचा आहे हे केंद्रात कुणाला खरंच वाटेना. हातमोजे चढवून त्यानं टाकी उभी केली. नळ्या आतच होत्या. पट्टी बुडवली, काढली, हलवली. चार बोटं. नळ्यांचं कसंबसं खालचं अंग बुडेल एवढंच. आणि त्याहून वाईट म्हणजे टाकीच्या बाहेरच्या अंगावर दंव धरायला लागलं होतं. आतली भिंत गेली. असली टाकी गारवा धरत नाही.

"संध्याकाळपर्यंत कोरडी," तो म्हणाला. "आणि नायट्रोजनची गाडी सोमवारी."

दारात सासूबाई उभ्या होत्या. लोळागोळा होऊन पडलेलं टोपडं बघत होत्या. तोंड पांढरंफटक.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या.

बारा वर्षांत हे वाक्य जावयानं त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्याचं काय करायचं तेच त्याला कळेना. "आई, शिवण कुठेही उसवली नाही हो," तो म्हणाला. "नाडी कात्रीनं कापली म्हणून सुटलं."

मग तो साहेबांकडे वळला. साहेब खुर्चीत बसून पाणी पीत होते.

"साहेब, आज सही द्या. दोन शेळ्या आज बरोबर दिवसावर आहेत."

"पण बोर्ड..."

"बोर्डावर संध्याकाळी शून्यच येणार आहे, साहेब. आज पोटात गेले तर निदान जगायची आशा."

गोठ्यातून मागोमाग आलेल्या डॉक्टरीणबाई हात पुसत म्हणाल्या, "बोर्डावर लिहू, 'यशस्वीरीत्या हस्तांतरित'. शून्यापेक्षा लांबलचक दिसेल."

साहेबांनी ओठ हलवत अक्षरं मोजली. चेहऱ्यावर रंग आला. सही झाली.

जावई चिमट्यानं एकेक नळी काढायचा, दहा आकडे मोजेपर्यंत हवेत धरायचा, तीस मोजेपर्यंत कोमट पाण्यात. मग भ्रूण बशीत, बशी सूक्ष्मदर्शकाखाली. पहिला चांगला. दुसरा चांगला. तिसऱ्याचं कवच तडकलेलं. जावयानं तो बाजूला ठेवला आणि क्षणभर डोळे मिटले. चौथा, पाचवा, दोन्ही चांगले.

"मला बघू द्या," दारातून सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना टोपी घातली, हात धुवायला लावले, उभं केलं. सासूबाईंनी एक डोळा मिटला. तुतीच्या फळासारखा एक इवलासा गोळा, बुडबुड्यात ठेवलेला.

"एवढंसं?"

"एवढंसंच."

"आणि लाथ कुठे असते यात?"

"ती पुढे उगवते," जावई म्हणाला.

दुपारी दोनच्या आत पांढऱ्या शेळीच्या पोटात दोन आणि कबऱ्या शेळीच्या पोटात दोन असे चौघं नव्या बिऱ्हाडी गेले. सासूबाईंनी न खाल्लेला डबा जावयापुढे सरकवला आणि पहिल्यांदाच स्वतः न वाढता म्हणाल्या, "तुम्ही घ्या हवं तेवढं."

कबरी रिकामी राहिली. तीन आठवड्यांनी ती पुन्हा माजावर आली तेव्हाच कळलं. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी पांढरीसाठी गादी शिवायला बसल्या. जावयानं विचारलं, "आतून रेक्झीन नाही ना?"

"नाही हो! सुती आहे!"

साडेचार महिन्यांनी एका सकाळी पांढरी बसली, उठली, पुन्हा बसली. सासूबाई फणकारीला दोरीनं ओढत घेऊन आल्या. म्हणाल्या, आईला हजर राहायला नको? पहिलं करडू आलं, काळंभोर, तांबूस कानांचं, अगदी फणकारीचं नाक घेतलेलं. जावयानं उचलून पाहिलं.

"बोकड," तो हळूच म्हणाला.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "धड आहे ना? मग झालं."

दुसऱ्याला वेळ लागला. डॉक्टरीणबाईंनी बाह्या वर केल्या. पांढरी ओरडली, जावयानं तिचं डोकं धरलं, सासूबाईंनी जावयाचा खांदा. मग एकदम, चिकट, वाकडंतिकडं, लांब पायांचं एक पोतं गादीवर घसरलं. डॉक्टरीणबाईंनी नाक पुसलं. पोतं शिंकलं.

"आई," जावई म्हणाला, "पोरगी आहे."

सासूबाई गादीशेजारी खाली बसल्या. फणकारीनं मान लांब करून दोन्ही करडांना हुंगलं, नाकातून जोरात हवा सोडली आणि गव्हाणीतला चारा खायला निघून गेली. पांढरी मात्र चाटत राहिली. हे रंग आपल्यावर गेले नाहीत, याचं तिला काही नव्हतं.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "तीन वर्षं त्या गारठ्यात हिला काय वाटलं असेल हो?"

"काहीच नाही. तिच्या हिशोबानं तो वेळ गेलाच नाही."

"बरं झालं. आपल्याला तेवढा गेला."

धाकटं करडू चार पायांवर उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं. दूध शोधत ते भलतीकडेच आलं आणि जावयाच्या गुडघ्याला जोरात ढुशा द्यायला लागलं.

"अहो, वळवा तिला तिकडे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"वळवतील ते," सासूबाई म्हणाल्या. "कळतं त्यांना."

आणि त्या बसल्या जागेवरून हलल्या नाहीत.